गाडीचं कपाळ

भुजंगची गाडी पळताना कधीच बंद पडली नाही. वडीगोद्रीहून निघाली की शहागडपर्यंत ती उसाच्या ट्रकांना मागे टाकत जायची. तिला अडचण होती ती हळू चालण्याची. रेस सोडली की ती थरथरायची, एक उसासा टाकायची आणि गप्प व्हायची. एखाद्या डॉक्टरची गाडी असती तर हे खपून गेलं असतं. पण भुजंगची गाडी नवरदेवांची होती, आणि नवरदेवाला कुणी पळवत नेत नाही.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्याला परण्या म्हणतात. पूर्वी परण्याला घोडा असे. गावात एसटीडीचा पिवळा डबा लागला त्या सुमाराला घोडा गेला आणि भुजंगची पांढरी, पोट सुटलेली मोटार आली. परण्याचा वेग बँडपुढे नाचणाऱ्या पोरांच्या मर्जीवर असतो. गाडी थोडी सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि चौकात तर थांबतेच. तेवढा वेळ इंजिनाने नुसतं चालू राहायचं असतं, आणि नेमकं तेवढंच तिला जमेना.

बँडवाले कचरू मास्तर समजूतदार होते. गाडी बंद पडली रे पडली की ते सगळ्यात जोराचं गाणं धरत, म्हणजे मागून ढकलणारी माणसंही नाचतच आहेत असं वाटे. पण नवरदेवांच्या आयांना फरक कळायचा. मारुतीसमोर गाडी बंद पडणं चांगलं नाही, असं एका बाईनं म्हटलं आणि पुढच्या बाजारापर्यंत ते सगळ्या तालुक्यानं म्हटलं.

निदान मात्र गावानं फुकट केलं. रिटायर झालेले हेडमास्तर म्हणाले, बॅटरी. कडूबाच्या विहिरीवर इंजिन होतं, म्हणून त्याला यातलं कळत होतं. तो म्हणाला, फुटवॉल. फुटवॉल विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाला असतो, मोटारीला नसतो, हे भुजंगने सांगितल्यावर कडूबा म्हणाला, तेच तर दुखणं आहे.

भुजंगचा थोरला भाऊ धर्मराज मात्र निदानात पडला नाही. त्याला मुळात ही गाडी नको होती, ट्रॅक्टर हवा होता. तेव्हा आई, चतुराबाई, मधे पडली होती. भुजंग दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता. पोरगं लोकांच्या गाडीची दारं उघडून राह्यलंय, आता सोताच्या गाडीचं उघडू दे, असं तिनं म्हटलं होतं आणि गाडी चालेल याची जबान धर्मराजला दिली होती. आता धर्मराजच्याच पोरीचं, नंदाचं लग्न ठरलं होतं. त्यानं एवढंच सांगितलं की माझा जावई ढकलत मांडवात आला, तर गाडी दुसऱ्या दिवशी विकायची. हे त्यानं भुजंगला सांगितलं, पण बघत होता आईकडे.

शहागडला हायवेच्या कडेला तातेरावचं पत्र्याचं गॅरेज होतं. आत बाबासाहेबांचा हार घातलेला फोटो आणि त्याच्याखाली रांगेनं टांगलेले लोखंडी पाने. भुजंगने आधी अपशकुनाचंच सांगायला घेतलं, तेव्हा तातेरावनं हात वर केला.

"अपशकुन मी मानत न्हाई," तो म्हणाला. "कचरा मानतो."

त्यानं कार्बोरेटर उतरवला. गाडी हळू असताना पेट्रोल ज्या भोकातून जातं ते सुईच्या टोकाएवढं असतं. त्याला स्लो जेट म्हणतात. त्यात लालसर चिखल बसला होता. तातेराव म्हणाला, टाकीचा गंज. टाकी उतरवून धुतली. गाडी दिवसभर मांजरासारखी गुरगुरली आणि पुढच्या परण्यात वेशीतच बंद पडली. पुन्हा जेट उघडला, पुन्हा तोच चिखल. या वेळी तातेराव म्हणाला, पेट्रोल. पेट्रोल भरायची जागा बदलली. गाडीला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या वेळी तातेराव पाना हातात घेऊन नुसताच बसला. ही त्याची सवय नव्हती. मग त्यानं भुजंगला विचारायला सुरुवात केली, कोणत्या लग्नात बंद पडली आणि कोणत्या नाही. बोलता बोलता असं निघालं की गाडी आदल्या दिवशी गॅरेजात मुक्कामाला होती तेव्हा लग्नं सुरळीत पार पडली. घरी झोपली की घोटाळा.

"मंग बिमारी गाडीत न्हाई," तातेराव म्हणाला. "तुझ्या घरात हाय."

भुजंगला एकदम सगळं कळलं. ट्रॅक्टर. भावावर संशय घ्यायला फार पुरावा लागत नाही, एका ताटात जेवलेलं असलं की पुरतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो पाना घेऊन कडब्याच्या ढिगामागे बसला. समोर गाडी, आणि गाडीपलीकडे बाजेवर धर्मराज. धर्मराज तोंड उघडं टाकून घोरत होता. हा झोपेचं सोंग बरं घेतो, असं भुजंगला वाटलं.

तेवढ्यात चतुराबाई आली. तिच्या हातात ताट होतं. तिनं बॉनेट उचललं. एअर फिल्टरच्या झाकणावर हातानं फिरणारा नट असतो. तो तिनं डब्याचं झाकण काढावं तसा फिरवून काढला आणि झाकण पदरावर ठेवलं. मग चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू थेट कार्बोरेटरच्या घशात सोडलं. हात जोडले.

"बाई, तुला काय कमी पडतंय ते मला सांग," ती गाडीला म्हणाली. "पोराला चारचौघांत खाली बघाया लावू नको. धर्माला मी जबान दिलीय."

भुजंगच्या हातातला पाना कडब्यात गळून पडला. दसऱ्याला गाडीची पूजा करताना आईनं विचारलं होतं, हिचा जीव कुठं असतो रे. त्यानंच फिल्टर उघडून दाखवलं होतं. इथं, म्हणाला होता, इथूनच दम घेती. तेव्हापासून आई दर शुक्रवारी तिथं हळदीकुंकू वाहत होती. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा तिनं मंगळवार वाढवला. लोक अपशकुन म्हणायला लागले तेव्हा ती रोज वाहायला लागली, आणि चिमूट मोठी केली. गाडी जितकी बंद पडे तितकं कुंकू वाढे, आणि कुंकू वाढे तितकी गाडी बंद पडे. सरकारच्या बऱ्याच योजना याच रीतीनं चालतात, पण त्यात इतका जीव कुणी लावत नाही.

तातेराव ऐकून आधी हसला. भुजंग हसला नाही, म्हणून मग तोही थांबला. सांगून टाक, असं त्याचं म्हणणं पडलं. भुजंगला ते जमणार नव्हतं. जिनं गाडी घेऊन दिली तिच्याच हातानं ती बंद पडते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं. शिवाय धर्मराजला कळलं तर तो नातवंडांपर्यंत पुरवून हसला असता. बॉनेटला कुलूप लावायचं तर आईला वाटेल, गाडी आपल्यावर रुसली.

लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा तातेराव स्वतःच वडीगोद्रीला आला. त्यानं ओसरीवर बसून चहा घेतला, मांडवाची तारीफ केली आणि जाता जाता आठवल्यासारखं बोलला.

"मावशी, कुकू कुठं लावत असतेत?"

"कपाळाला. हे काय इचारणं झालं?"

"मंग गाडीच्या कपाळाला लावत जा. पुढं, बॉनेटवर. तुम्ही नाकात घालून राह्यल्या."

चतुराबाईनं आपल्या चिमटीकडे पाहिलं. भुजंग आढ्याकडे बघत होता.

"म्हंजी मीच बंद पाडीत व्हते," ती म्हणाली.

"न्हाई मावशी. टाकीत गंज व्हता. लाल गंज निघाला, मी डोळ्यांनी पाह्यला."

"गंज लाल असतो?"

"बिलकुल."

"आन् पिवळा?"

तातेरावनं रिकामा कप तोंडाला लावला आणि त्यातून बराच चहा प्यायला.

चतुराबाईनं भुजंगकडे पाहिलं. "तूच म्हणला व्हता, जीव इथं हाय म्हणून."

"हाय ना तिथंच," भुजंग म्हणाला. "म्हणून तर गुदमरली."

ती उठली. आत जाताना उंबऱ्यात थांबली आणि मागं न बघता म्हणाली, "धर्माला सांगू नका."

लग्नाच्या दिवशी परण्या ऐन उन्हात निघाला. आदल्या संध्याकाळी तातेरावनं जेट शेवटचा साफ केला होता आणि सकाळी चतुराबाईनं बॉनेटवर हाताच्या तळव्याएवढा ओला मळवट भरला होता. इतक्या दिवसांचं राहिलेलं सगळं तिनं एकदमच लावलं असावं. पोरं वेशीत नाचली, पारावर नाचली, एसटीडीच्या डब्यापुढे तर विनाकारण नाचली. गाडी सरकत होती, थांबत होती, सरकत होती. कचरू मास्तरांनी जोराचं गाणं तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

मारुतीसमोर गाडी थांबली. जावयाच्या स्वागताला धर्मराज नवं धोतर नेसून उभा होता. नवरदेव पाया पडून परत येऊन बसला तरी बँड थांबेना, आणि बँडच्या आवाजात इंजिन ऐकू येईना. धर्मराजला वाटलं, पडली. तो पुढे झाला आणि खात्री करायला त्यानं बॉनेटवर पंजा टेकवला.

पत्रा बारीक थरथरत होता. त्यानं हात तसाच ठेवला. थरथर थांबली नाही. काचेपलीकडे भुजंग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता, आणि त्याचा पाय रेसवर नव्हता.

धर्मराजनं पंजा उचलला तर पाचही बोटं लाल. त्यानं आईकडे पाहिलं. आई मारुतीकडे बघत होती.

धोतर नवं होतं, म्हणून त्यानं हात पुसला नाही. तसाच लाल पंजा वर करून तो कचरू मास्तरांना म्हणाला, "अजून एक वाजवा. गडबड न्हाई."