कुप्याचे चार तुकडे

बावीस वर्षं दिवाळी झाली की साखराबाई नवऱ्याच्या, सटवाच्या, मेंढरांमागे चालू लागायची आणि पाऊस पडला की परतायची. यंदा गुडघ्यांनी साफ नकार दिला होता. सटवानं जावं, मेंढरांनी जावं, आपण मांजरसुंब्यातच राहायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पण राहायचं तर हाताला काम हवं, आणि ते काम मल्लिनाथअप्पांच्या हाती होतं.

अप्पा तुरीच्या डाळीचे व्यापारी. गळ्यात लिंग, घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. पण देशाचे दरवाजे उघडले म्हणतात, तेव्हा अप्पांचंही डोकं उघडलं आणि त्यांनी हायवेला हॉटेल बांधायला काढलं. मुंबईच्या एका कंपनीचा साहेब बघायला आला. आमची माणसं वर्षभर इथंच उतरवू म्हणाला, आणि जाता जाता हसत विचारता झाला, "इथं ट्यूना मासा मिळतो का हो?" साहेब गंमत करत होता. अप्पांच्या घराण्यात गंमत करायची पद्धत नव्हती.

"मिळंल की," अप्पा म्हणाले.

आठ दिवसांनी रामहरी ड्रायव्हरनं ट्रकमधून बर्फाचा डबा आणून साखराबाईच्या अंगणात ठेवला. आत चार जाड तुकडे, लालभडक. अप्पा धोतराचा सोगा नाकाला लावून कडुनिंबाखाली उभे. उद्या साहेब इथंच जेवणार, कारण अप्पांच्या घरात हे शिजणं शक्यच नव्हतं. साखराबाईच्या हातचं मटण पंचक्रोशीत नावाजलेलं. साहेब खूश झाला तर हॉटेलातली मांसाहाराची चूल बारा महिने तिची, असा अप्पांनी शब्द दिला.

"मावशी, कोकणात याला कुपा म्हणतात," रामहरी म्हणाला. "बोकडावानी शिजवू नका."

ड्रायव्हरकडून स्वयंपाक शिकायचे दिवस अजून आले नव्हते. साखराबाईनं एक तुकडा येसूर मसाला घालून तासभर रटरटवला. करायला गेलो गणपती, झाला मारुती. सटवा बराच वेळ चावत राहिला आणि म्हणाला, "चऱ्हाट बरं."

मग तिनं डोकं चालवलं. दुसऱ्या तुकड्याला मीठ, हळद, ठेचलेला लसूण, चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवला. वरून चिमूटभर येसूर, ज्वारीच्या पिठाचा पातळ हात. तवा धूर येईपर्यंत तापवला, तेल सोडलं, एका बाजूनं शंभर आकडे मोजले, दुसऱ्या बाजूनं शंभर. बाहेरून खमंग, मधोमध गुलाबी. कच्चं खाल्ल्याची तिला लाज वाटली आणि दुसरा घास घ्यायचीही घाई झाली. एवढं मऊ मांस तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. त्या रात्री ती सुखानं झोपली.

दुसऱ्या दिवशी साहेब बाजेवर बसला. उरलेले दोन तुकडे तव्यावरून अगदी वेळेवर उतरले. पण यजमान म्हणून अप्पांची जबाबदारी होती. जन्मात मांस न चाखलेल्या त्या माणसानं लांबूनच फर्मावलं, "एक चिरून दाव."

तिनं चिरला. आतला रंग बघून अप्पांचा चेहरा पडला.

"रगात हाय त्यात."

"अप्पा, ह्ये असंच ऱ्हातंय. लई शिजलं की वातड हुतंय."

"साखराबाई, तीस वर्सं डाळ इकतोय मी. शिजल्याबिगर चुलीवरून उतरायचं न्हाई, येवढं मला कळतंय. टाक पातेल्यात."

मालक तो मालक. दोन्ही तुकडे पातेल्यात गेले, आणि डाळ मोडेल इतक्या वेळानं बाहेर आले. पाणी ओतताना साखराबाईला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

साहेब सभ्य होता. त्यानं एक घास घेतला, पुष्कळ चावला, आणि चुलीकडे बोट दाखवलं. "ते काय शिजतंय?"

ते घरच्यांसाठी टाकलेलं पिठलं होतं. साहेबानं तीन वेळा घेतलं, सोबत दोन भाकरी. हात धुताना म्हणाला, "अप्पा, मासे आम्हाला मुंबईत मिळतात. हे खायला घाला, माणसं पाठवतो."

साखराबाईला हसूच आलं. माशानं घालवलेलं पिठल्यानं मिळवून दिलं, असं तिला वाटलं.

साहेबाची जीप वळल्यावर अप्पा खुशीत म्हणाले, "बरं झालं. आता हाटेल शुद्ध शाकाहारीच करतो."

"मग मी कवापासून येऊ?"

अप्पा जरा घुटमळले. "तुज्या हाताला मटणाची सवय. शाकाहारी चुलीला त्यो हात कसा चालंल? लोक काय म्हणतील? घरचीच माणसं बघतील आता."

त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

दिवाळी झाली. मेंढरं निघाली आणि गुडघ्यांना फडकी बांधून साखराबाईही निघाली. कळप हायवेला लागला तेव्हा नव्या हॉटेलाच्या पायरीवरून अप्पांनी हाक मारली.

"साखराबाई, थांब की. आमच्या मंडळींनी चारदा केलं, पिठलं जमंना. साहेबाची माणसं टाकून उठत्यात. तू काय घालत हुतीस त्यात?"

साखराबाई थांबली. मेंढरं पुढं सरकत होती.

"तेल, लसूण, बेसन, मीठ. समद्या घालत्यात त्येच," ती म्हणाली. "आन् माजा हात, अप्पा. त्यो तुमाला चालत न्हाई."