पहिला मालक

जुन्या मोटारसायकली विकणाऱ्यांत निम्मे लबाड असतात आणि उरलेले निम्मे अजून सापडलेले नसतात. हे मी रागाने म्हणत नाही, अनुभवाने म्हणतो. बरं, रागानेही म्हणतो. गाडी घ्यायच्या आधी घेणारा मला सोबत नेतो. मी खिशातलं भिंग काढतो, चासीवरचा नंबर वाचतो, टाकीत बोट घालतो, आणि गाडी अस्सल आहे की तीन गाड्यांची हाडं जोडून एक सांगाडा उभा केलाय, ते सांगतो. म्हणून या धंद्यात मला भिंगवाले म्हणतात. माझं दुकान नाही की गॅरेज नाही. माझा शब्द, तेवढंच भांडवल. एकदा जरी खोटीला खरी म्हटलं तरी दुसऱ्या दिवसापासून घरी बसावं लागेल, आणि घरी बसणं मला परवडणारं नाही, कारण घरी बाबा असतात.

बाबांचं आणि माझं भांडण नाही. भांडायला आधी बोलावं लागतं. मागच्या खोलीत ते, पुढच्या खोलीत आम्ही, आणि मधे माझी बायको इकडचे निरोप तिकडे पोचवते. "बाबांच्या चष्म्याची काडी निघालीय." "त्यांना सांग, रविवारी बसवतो." आमचा संसार असा चालतो.

हे असं का, तर एका गाडीमुळे. पोरवयात, पहिल्या कमाईतून मी एक जुनी दुनळी घेतली होती. दुनळी म्हणजे जिचे दोन्ही सायलेन्सर एकाच बाजूने निघतात ती गाडी. कंपनीने ती थोडेच दिवस काढली, कारण चालवणाऱ्याची उजवी पोटरी भाजायची. वाईट निघालेला माल कमी खपतो, आणि कमी खपलेला माल पुढे दुर्मीळ म्हणून मिरवतो. या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे. तेव्हा मात्र तिला कोणी हुंगत नव्हतं. मी तिच्यावरून जीव ओवाळून टाकत होतो. सकाळ-संध्याकाळ तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. ऐकणारं कोणी असो वा नसो, मी बोलतच असायचो. बाबा जन्मभर सायकलवरून कचेरीत गेलेले. माझं बोलणं सुरू झालं की ते वर्तमानपत्र उघडून समोर धरायचे.

एकदा मी नोकरीच्या परीक्षेला परगावी गेलो. परत आलो तर अंगणात गाडीच्या जागी तेलाचा डाग. "अडगळ होती, भंगारवाल्याला दिली," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोललो, आणि पुढे पुढे कामंही बायकोमार्फत होऊ लागली.

अलीकडे बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत होते. वाचनालयात जातात, असं बायको म्हणाली. बरं झालं, तेवढीच घराला मोकळी हवा, असं मी म्हणालो.

मग एके दिवशी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. हे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माणूस दिलदार, पण स्वतःच्या अकलेवर भलताच खूश. "गाडी तुम्ही बघा भिंगवाले, माणसं मी बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोकांच्या तोंडात बघून बघून आपल्याला मनातलंही दिसतं, असा त्यांचा समज आहे.

"दुनळी मिळाली!" डॉक्टर फोनवर ओरडले. "आणि पहिला मालक स्वतः आहे. एकहाती गाडी, विचार करा!"

"विकतोय कोण?"

"मामा."

मी कपाळावर हात मारला. मामा हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा दलाल. त्याला सगळे मामा म्हणतात, पण प्रत्यक्षात तोच सगळ्यांना मामा बनवतो. माझ्यामुळे त्याचे दोन-तीन मोठे सौदे फिसकटले होते, तेव्हापासून मला बघितलं की तो फारच गोड बोलायचा. मामा भारी गाडी दुकानात कधीच दाखवत नाही. दुकानात ठेवली की गाडी माल होते. कोणाच्या तरी घराच्या पडवीत, जुन्या चादरीखाली ठेवली की तीच घराण्याची ठेव होते आणि भाव दुप्पट होतो. त्यात पहिला मालक शेजारी खुर्चीवर बसलेला असला तर विचारूच नका.

पत्ता एका बैठ्या घराचा होता. पडवीत पत्र्याचे डबे, मोडकी शिडी, चादरीखाली गाडी. सगळं अगदी जिथल्या तिथे मांडलेलं. खुर्चीवर पहिला मालक बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, चष्म्याची एक काडी मी रविवारी बसवलेली.

बाबा होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे बघितलं, आणि डॉक्टरांना नमस्कार केला. मी गिऱ्हाइकाबरोबर आलेला कोणीतरी होतो. मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून कानाशी म्हणाला, "आजोबांचं वय झालंय हो. जरा सांभाळून घ्या." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामाने म्हातारा असाच कुठून उचलून आणला नव्हता. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांतून त्याने नेमका माझा बाप निवडला होता. गाडी खोटी म्हणालो तर बाप लबाड ठरणार, खरी म्हणालो तर माझं नाव जाणार. या माणसाचं डोकं चांगल्या कामाला लागलं असतं तर कुठल्या कुठे गेला असता.

"बसा ना," बाबा डॉक्टरांना म्हणाले. आणि बोलू लागले.

मी जन्मात त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. गाडी लग्नाच्या वर्षी घेतली म्हणे. मुलाला टाकीवर बसवून शाळेत सोडायचे म्हणे. "तो टाकीला कान लावायचा. म्हणायचा, बाबा, हिच्या पोटात गुरगुरतंय. थंडीत एका किकेत सुरू व्हायची नाही. दोन हलक्या मारायच्या, जराशी थांबू द्यायची, आणि तिसरी जोरात. हे त्याचंच शोधून काढलेलं."

ते माझंच शोधून काढलेलं होतं. शब्द न शब्द माझा होता.

"आणि हा पोचा," बाबांनी टाकीवर हात ठेवला. "कोपऱ्यावर घसरला. गुडघा फुटला होता. मी धावत गेलो, त्याला आधी उचलला. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. पोचा मुद्दाम काढू दिला नाही, त्याची आठवण."

घसरलो होतो खरा. गुडघा फुटला होता तोही खरा. तेव्हा बाबांनी दारातून विचारलं होतं, फुटलेल्या दिव्याला किती पडतील? तळपायाची आग मस्तकाला गेली माझ्या. आणि तरी, सांगायला लाज वाटते, मला ती धावत येणारी गोष्ट ऐकत राहावीशी वाटत होती.

"मुलगा कुठे असतो आता?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"गेला," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला. मामा मान खाली घालून उभा होता, जणू आत्ताच स्मशानातून आला आहे. मी गेलेला असल्यामुळे मला काही करण्यासारखं नव्हतं. मी भिंग काढलं आणि गाडीपाशी उकिडवा बसलो.

गाडी बघायला मला फार वेळ लागला नाही. नंबराभोवतीचं लोखंड घासलेलं होतं आणि आकडे हाताने ठोकलेले. कंपनीचे आकडे एका रेषेत असतात, हे दारू प्यायल्यासारखे उभे होते. खरा गंज खालून खातो, जिथे पाणी साचतं तिथून. इथे गंज सगळीकडे सारखा होता, मिठाचं पाणी शिंपडून आणलेला. टाकी आतून कोरी करकरीत. पोच्याच्या तळाशी हातोडीची गोल खूण दिसत होती. इंजिन साध्या गाडीचं, आणि दुसरा सायलेन्सर नुसता देखावा, त्याला आत वाटच नव्हती. ही दुनळी नव्हती. दुनळीचा वेश घातलेली कोणीतरी होती.

"काय म्हणता भिंगवाले?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा हात अजून बाबांच्या हातात होता.

मूग गिळून बसता आलं असतं. तब्येत बरी नाही म्हणून काखा वर करता आल्या असत्या. पण 'गेला' हा शब्द माझ्या कानातून जात नव्हता.

"खोटी आहे," मी म्हणालो. आणि एक एक करून सगळं दाखवलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते बाबांकडे बघत राहिले.

"नंबर पुसट झाला म्हणून मी नीट करून घेतला असेल," बाबा शांतपणे म्हणाले. "वय झालं, आठवत नाही. पण मुलाची आठवण कशी खोटी असेल?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "भिंगवाले, लोखंड बदलता येतं हो. माणसाच्या डोळ्यातलं पाणी कुठून आणणार? गाडी तुम्ही बघितलीत, माणूस मी बघितला."

मग मात्र माझा ताबा सुटला. "डॉक्टर, हे माझे वडील आहेत! यांच्याकडे जन्मात सायकलशिवाय काही नव्हतं. तो मुलगा मी आहे. मी जिवंत आहे, तुमच्यासमोर उभा आहे!"

डॉक्टर बाबांकडे वळले. "खरं आहे का हे?"

बाबांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि मला निरखून बघितलं.

"मी यांना ओळखत नाही," ते म्हणाले. "माझा मुलगा असा चारचौघांत बोलला नसता."

"थांबा, दाखवतो," मी म्हणालो आणि फोन काढला. फोटो उघडले. चासी, इंजिन, टाकी, मडगार्ड. बोट वर सरकवत गेलो. नंबरांचे फोटो, गंजाचे फोटो, कुठल्या कुठल्या गाड्यांच्या पोटाखालचे फोटो. मागे, आणखी मागे. बायकोचे दोन-चार होते. बाबांचा एकही नव्हता. एका छपराखाली राहतो आम्ही, आणि माझ्या फोनमध्ये माझा बाप नव्हता. बायकोला फोन लावावा असं मनात आलं. पण तिला काय विचारणार, हे माझेच वडील आहेत ना, असं?

मामा हळूच खाकरला. "सौदा मोडायला लोक काय काय करतात," तो म्हणाला.

"दुःखी माणसाची अशी थट्टा?" डॉक्टर मला म्हणाले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. या तुम्ही." त्यांनी पुन्हा बाबांचा हात धरला. माझ्या मागे चादरीत हवा भरल्याचा आवाज आला. मामा गाडी झाकत होता, विकली गेली म्हणून.

मी घरी आलो. दिवेलागणीला बाबा आले. बायकोने विचारलं, "आज उशीर झाला?" "वाचनालयात गर्दी होती," ते म्हणाले आणि खोलीत गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्या खोलीत न बोलावता मी किती वर्षांनी जात होतो, मलाच आठवेना. ते पलंगावर बसून शर्टाची बटणं काढत होते.

"ते तिसऱ्या किकचं, पोच्याचं, टाकीला कान लावायचं, कुठून आणलंत?"

"तूच बडबडायचास की दिवसभर," ते म्हणाले. "मी पेपर वाचत असलो तरी मला कान होते."

मी पलंगाच्या कडेला बसलो. खरं सांगतो, त्या घटकेला मी सगळं सोडून द्यायला तयार होतो. डॉक्टर गेले, नाव गेलं, जाऊ दे. या माणसाने माझं ऐकलं होतं. गाडी भंगारात घातली, पण तिच्याबद्दलचा माझा शब्द न शब्द इतकी वर्षं जपून ठेवला होता. मी त्यांचा हातही धरला असता.

"आणि मला ओळखत नाही म्हणालात ते?"

"मग काय करणार? भर सौद्यात मोडता घातलास तू."

"मुलगा गेला, असं म्हणायला मामाने पढवलं होतं?"

"छे! त्याला काय कळतंय?" बाबांचे डोळे चमकले. "तो म्हणत होता, मुलगा परदेशात आहे म्हणा. अरे, परदेशातल्या मुलाच्या बापाशी लोक घासाघीस करतात. मीच म्हणालो, गेला म्हणू या. ते माझं डोकं." त्यांनी शर्ट काढून नीट घडी घातली आणि माझ्याकडे सरकले. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा कधी बघितला नव्हता. "तू आता यातला जाणकार. खरं खरं सांग. शेवटी डोळ्यात पाणी आलं ना, ते कसं वाटलं?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. भिंग खिशात होतं, पण त्याचा काय उपयोग?

"अस्सल," मी म्हणालो.

"मग झालं तर." ते खूश झाले आणि त्यांनी शर्टाची घडी माझ्या हातात दिली. "सूनबाईला म्हणावं, हा धुवून ठेव. परवा आणखी एक गाडी आहे."