पाठमोरी चौकट

फाल्गुनातली कलती दुपार. खाडीकाठच्या मिठागरावर आभाळ उतरलं होतं. खाचराखाचरांत साचलेलं, फिकट, जस्ताच्या रंगाचं आभाळ. त्या निश्चल जलदर्पणांना चिरत एकच मातीचा बांध पश्चिमेकडे गेला होता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिठाचे शुभ्र, मूक ढीग उभे होते. वारा खारट होता. ओठांवर बसला की उठत नव्हता.

त्या शुभ्रतेच्या मधोमध एक म्हातारा नट बसला होता, आणि त्याला चार वाक्यं आठवत नव्हती.

रामराव शिंत्रे. अवघ्या चित्रसृष्टीचे आबा. उभी हयात कॅमेऱ्यासमोर गेलेली. जमिनीवर खडूची खूण करावी आणि आबांनी खाली न बघता नेमकं तिथंच थांबावं, अशी त्यांची ख्याती. आज मात्र शब्द रुसले होते. मिठागर विकून निघालेल्या बापाचं ते निरोपाचं बोलणं. पहिलं वाक्य यायचं, दुसरं ओठांपर्यंत येऊन माघारी फिरायचं. सकाळपासून हेच चाललं होतं.

कॅमेरा जवळ होता, फार जवळ. चेहऱ्याने सगळी चौकट भरलेली. लोक म्हणतात, कॅमेरा खोटं बोलतो. बोलतो की, पण लांबून. जवळ गेला की मेला चहाडखोर होतो. त्या विस्तीर्ण, सुरकुतलेल्या मुखमंडलात दोन डोळे काहीतरी शोधत होते, अंधाऱ्या घरात किल्ली शोधावी तसे. त्या शोधण्यात अभिनयाचा लवलेश नव्हता.

दिग्दर्शिका केतकी, पोरगी मनाने वाईट नव्हे. ती कॅमेरामन दस्तगीर मुजावरच्या कानाशी वाकली. "काका, आज जमलं नाही तर उद्या दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागेल. मला तरी कुठं बरं वाटतंय?"

दस्तगीर आबांना तरुणपणापासून ओळखत होता. आबांना एकाच गोष्टीचं भय होतं: आठवण गेली म्हणून आपल्या जागी दुसरा नट घेतला, हे ज्या दिवशी कळेल, त्या दिवसाचं.

"तोंड राहू दे," तो शेवटी म्हणाला. "पाठ घेऊ."

त्याने कॅमेरा उचलला, मागे नेला, आणखी मागे नेला, आणि जमिनीलगत बसवला. मग चौकट उमलली. खाली चिमूटभर काळी, भेगाळ माती. वर आभाळच आभाळ, जड, ताम्रवर्णी, अस्तोन्मुख. बांधाची रेघ पायथ्यापासून निघून क्षितिजात बुडालेली, आणि त्या रेघेवर बोटाएवढा एक माणूस. जवळून जे हरवलेपण दिसत होतं, तेच लांबून वैराग्य दिसू लागलं. माणूस तोच, दुःख तेच. अंतर तेवढं वाढलं होतं.

"आबा, बोलायचं काही नाही. बांधावरनं चालायचं आणि त्या शेवटच्या ढिगापाशी थांबायचं. पुढं बांध फुटलाय, भरतीचं पाणी शिरतंय."

"खुणेवर थांबायला तू शिकवणार मला, दस्तू?" आबा हसले. सकाळपासून पहिल्यांदा हसले.

सूर्य खाडीला टेकला आणि आबा चालू लागले. काळी, कृश, पाठमोरी आकृती. डावीकडे वितळलेलं तांबं, उजवीकडे वितळलेलं तांबं, मध्ये ती एकटी. खांद्यांचा तो उतार, पावलांची ती विलंबित लय. भिंगाला लावलेला दस्तगीरचा डोळा भरून आला. अशी चौकट एकदा तरी दिसावी म्हणून त्याने जन्म काढला होता.

ढीग आला. आबा थांबले नाहीत.

"कट," केतकी म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली. पाठ वळली नाही. आकृती लहान होत गेली, चौकट अधिकच सुंदर होत गेली, आणि दस्तगीरच्या ध्यानात आलं. हा माणूस आता भूमिका करत नव्हता. हा नुसता चालत होता.

त्याने भिंगावरून डोळा काढला. ज्याची सावलीसुद्धा कधी चौकटीत पडली नव्हती, तो दस्तगीर चपला टाकून चौकटीत धावत शिरला.

फुटक्या बांधाच्या अगदी कडेवर त्याने आबांचा हात धरला. खाली काळं पाणी चुळबुळत होतं. आबांनी वळून पाहिलं, आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "पाव्हणं, शिंत्र्यांचं घर कुठल्या अंगाला आलं?"

दस्तगीरला रडू आलं. ते गिळून तो म्हणाला, "हे काय, मागंच. चला, मी तिकडंच निघालोय."

ज्या दिवसाचं आबांना भय होतं, तो दिवस समोर येऊन उभा राहिला होता. आबांना तो ओळखू आला नाही.

मागे कुणीच नसलेला कॅमेरा चालूच होता. त्याच्या चौकटीत दोन म्हातारे हात धरून येत होते, डगमगत, सावकाश. खुणेचा ढीग आला, मागे पडला. केतकीने कट म्हटलं नाही. आधी चेहरे गेले, मग हात गेले, मग बांध गेला. आणि अंधारात बराच वेळ मीठ तेवढं पांढरं राहिलं.