ग्रामसभेचा माईक आणि छकुली

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सणसरच्या पलीकडच्या एका वाडीत, ग्रामपंचायतीच्या टेबलावर मान वाकडी करून बसलेला असतो. बारामतीच्या दुकानातून आलो तेव्हा मला हार घातला होता. पोलिओचा डोस, हरवलेली शेरडं, नळाचं पाणी, सगळं मीच गावाला सांगितलं. "आवाज खणखणीत हाय," असं लोक म्हणत आणि मी फुलून जायचो. आता माझ्या जाळीवरची धूळही कुणी पुसत नाही. त्याचं मला फारसं वाटत नाही.

वाटतं ते एका ग्रामसभेचं. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि विषय निघाला लोकसंख्येचा. निवृत्त गुरुजी मोहनराव म्हणाले, "जगात आठशे कोटी माणसं झाली. तिसरं मूल असेल त्यानं निवडणुकीला उभं राहू नये, हा कायदाच आहे." कुशाबाई उसळल्या, "आन् हितं उसात खुरपायला बाई मिळंना! कुठं हायती तुमची आठशे कोटी?" सभा हसली. मीही खरखरलो.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "रविराज, तुला तर तीन पोरी. तू फॉर्म कसा भरतूस?"

रविराजची तिसरी मुलगी छकुली, पाच वर्षांची. त्यानं मला हातात घेतलं. "छकुली माझी न्हाय," तो म्हणाला. "थोरल्या भावाची हाय. कागद बघा."

कागद त्यानं आधीच भावाच्या नावावर फिरवले होते. ती कुणाची हे अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. गुरुजींनीही मान खाली घातली.

छकुली बाहेर पायरीवर खेळत होती. कर्ण्यातून ऐकून ती धावत आत आली. "पप्पा, मी कुणाची?"

"पप्पा न्हाय, काका म्हण," तो हळूच म्हणाला. मी चालूच होतो. तेही गावानं ऐकलं.

रविराज निवडून आला. यंदा लोकसंख्या दिनाला तो शाळेत पाहुणा होता, मलाही तिथं नेलं होतं. शाळेच्या बाईंनी छकुलीला भाषणासाठी माझ्यापुढे उभं केलं आणि आधी पूर्ण नाव सांगायला लावलं. "छकुली..." म्हणून ती थांबली. रविराजकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्होरलं आठवंना." पहिली टाळी रविराजनंच वाजवली.

मित्रांनो, माणसं फार झाली की कमी, यावर खुशाल भांडा. पण आलेल्या लेकराला कुणी नाकारत असेल तर तिथंच उठून बोला. त्या सभेत दीडशे माणसं होती, आणि स्वतःचं बोलता येत नव्हतं ते फक्त मला.