फुकटचं सॉफ्टवेअर

बाबुरावांना कॉम्प्युटरमधलं काय कळत होतं, तर तो चालू कुठून करायचा आणि फी कधी मागायची. पूर्वी ते गुजरातेत कापडाच्या कारखान्यात मुकादम होते. तिथं माणसांवर ओरडून झालं, मग तिथल्याच गोडादरा भागात गाळा घेऊन त्यांनी कॉम्प्युटर क्लास काढला आणि यंत्रांवर ओरडायला लागले. पाटीवर नावाआधी ‘प्रोफेसर’ लिहून घेतलं. राखी रोज त्या पाटीखालून आत जायची आणि रोज तिचं तोंड कडू व्हायचं.

क्लास खरा तीच चालवायची. राहायची नवागामात. तिचा बाप दगा कापडाच्या लूमवर कामाला होता, खानदेशातून आलेला. त्यानं घरात एकदाच सांगून टाकलं होतं, “हाई साडीवालानं काम जमनं ते ठीक. नहीं ते वैशाखमा तुनं लगीन.”

साडीवाला म्हणजे रिंग रोडचा बन्सीलाल शेठ. साल अठ्ठ्याण्णव, आणि कुणाचं तरी ऐकून त्यालाही वेबसाइट हवीशी झाली होती. पहिलं पान पसंत पडलं तर राखीला ऑफिसातच कामाला ठेवतो, असं तो म्हणाला होता. राखीनं पान जीव लावून केलं. मग बाबुरावांना वाटलं, आपलाही हात लागायला हवा. त्यांनी त्यात उघडझाप करणारे दिवे घातले, पळती अक्षरं घातली आणि कुठूनसं एक कोष्टक उचलून मधोमध चिकटवलं.

“आता बघ,” ते म्हणाले, “आता कसं भरलेलं वाटतं.”

भरलेलं वाटत होतंच, लग्नाच्या मंडपासारखं. राखीला धास्ती वेगळीच होती. क्लासमधला ब्राउझर चुका पोटात घालणारा होता. शेठच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर त्याचा भाचा बसायचा, त्याच्याकडे होता तो दुसरा. कोडमध्ये काही उघडं राहिलं की तो सरळ कोरा पडदा दाखवायचा. इंटरनेटवर कोड तपासून मिळतो हे तिला ठाऊक होतं, पण इंटरनेट फोनवरून चालायचं, फोनला बाबुरावांनी कुलूप घातलेलं आणि चावी त्यांच्या करगोट्याला. तिला फोनशिवाय, आपल्याच मशीनवर तपासणारं काहीतरी हवं होतं, आणि तेही फुकट.

ते सापडलं दारावर. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर दर महिन्याला एक सीडी यायची. मासिक बाबुराव न वाचता टेबलावर मिरवायला ठेवत आणि सीड्या ओवून त्यांनी दाराला तोरण बांधलं होतं. राखी स्टुलावर चढून एकेक सीडी सोडवत असताना ते आले.

“सर, यातल्या एकीत पानाचा कोड तपासायचं सॉफ्टवेअर आहे. मासिकात दिलंय. फुकट आहे, इंटरनेट लागत नाही.”

“फुकट?” बाबुरावांनी नाक मुरडलं. “कामाची वस्तू कुणी फुकट वाटतं होय? आपल्याकडं बघ, सगळा महागातला माल आहे.”

तो महागातला माल त्यांनी स्टेशनजवळच्या एका टपरीवरून चोरटी कॉपी करून आणला होता. चोरलेल्या वस्तूवर या माणसाचा पूर्ण विश्वास, आणि कुणी राजीखुशीनं दिलेली मात्र संशयाची. राखीला त्यांची कीव यायला लागली होती. तेवढीही त्यांची लायकी नाही असं वाटून तिनं ती आवरली.

सीडी ओढणीनं पुसून तिनं सॉफ्टवेअर चढवलं आणि पान तपासायला दिलं. चुकांची रांग लागली. सगळ्यात वर बाबुरावांचं कोष्टक, उघडलेलं आणि बंदच न केलेलं. तिनं त्यांना दाखवलं.

“माझ्या मशीनवर नीट दिसतंय,” बाबुराव म्हणाले. “हे फुकटं मला शिकवणार?” आणि त्यांनी आपल्याच पानाची फ्लॉपी खिशात घातली. राखीनं दिवेबिवे काढून, चुका दुरुस्त करून दुसरी केली आणि पर्समध्ये ठेवली.

शेठच्या ऑफिसात भाच्यानं बाबुरावांची फ्लॉपी लावली. पडदा कोरा.

“आ शुं?” शेठनं विचारलं.

“लड़की ने बनाया है, शेठ,” बाबुराव लगेच म्हणाले.

हे होणार हे राखीला माहीतच होतं. तिनं पर्समधली फ्लॉपी काढून भाच्याच्या हातात दिली. पान उघडलं. साड्या एकाखाली एक नीट मांडलेल्या. शेठ खूश झाला आणि आधी काय बिघडलं होतं ते विचारू लागला. राखीनं खरं ते सांगितलं, सॉफ्टवेअर फुकटचं आहे हेही सांगितलं. ते सांगितलं आणि शेठचा चेहरा पालटला.

“मफत? तो सीडी भाणिया को दे दो. वो कर लेगा घर का घर में,” शेठ भाच्याकडे बघून म्हणाला.

भाचा खुर्चीत पसरून हसला. त्याला कोडमधली एक ओळ येत नव्हती. बाबुरावही मान डोलवत होते, फुकटच्या वस्तूची किंमत आता तरी कळली ना, असं. एक चोर, एक कंजूष आणि एक दगड, राखीच्या मनात आलं. भीती कुठल्या कुठं गेली, उरला नुसता संताप. तिनं वाकून भाच्यापुढची फ्लॉपी मशीनमधून काढून घेतली आणि शेठला नीट कळावं म्हणून गुजरातीतच बोलली.

“सॉफ्टवेअर मफत छे, शेठ. हूं मफत नथी.”

शेठ तिच्या मुठीतल्या फ्लॉपीकडे बघत राहिला. व्यापारी माणूस, माल हातचा जातोय हे त्याला कळलं.

“तो भाव बोल.”

“पहेलां एने खुरशी परथी उठाडो,” भाच्याकडे बोट करून राखी म्हणाली.

शेठनं काही म्हणायच्या आत भाचा उठून उभा राहिला.