नवसाची मसूर

आमच्या गावच्या बास्केटबॉल संघाचं लीगमधलं हे दुसरं वर्ष. पहिलं वर्ष कौतुकावर निभावलं. दुसऱ्या वर्षी कौतुक आटलं आणि आम्ही तळाशी जाऊन बसलो. शेवटचा सामना घरच्या कोर्टवर होता. जिंकलो तर टिकणार. हरलो तर संघ खालच्या वर्गात, आणि माझ्या वरच्या खोलीत राहणारा, संघासाठी बाहेरून आणलेला खेळाडू निदाल परत बालबेकला, बापाच्या टायरच्या दुकानात.

माझा मुलगा रवाद, ज्याच्या नावाने गाव मला उम्म रवाद म्हणतं, तो माँट्रियलला गेल्यापासून ती खोली रिकामीच होती. निदालला पलंग पुरेना, म्हणून मी पायाशी स्टूल लावलं. ते काढायची माझी तयारी नव्हती.

सामन्याच्या आठवड्यात कोच मुनीफ आले. कॉफी संपली तरी कप खाली ठेवेनात.

"उम्म रवाद, रागावणार नसाल तर बोलतो."

"रागावणार आहेच. बोला."

"आपली पोरं दुसऱ्या अर्ध्यात का झोपतात, माहितेय?"

"तुम्ही त्यांना पळवत नाही म्हणून."

"तुम्ही बायका त्यांना जेवू घालता म्हणून!"

घरच्या सामन्याआधी संघाने गावातल्या कुणाकडे तरी जेवायचं, ही आमची रीत. आणि आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की खरं वाढणं तिथून सुरू होतं. मागच्या खेपेला माझी जाऊ इव्हेत हिने भात भरलेलं अख्खं कोकरू केलं होतं. निदाल त्या दिवशी असा धावत होता, जणू कोकरू त्याच्या पाठीवरच बसलंय.

"मग नाही म्हणा की," मी म्हटलं.

"एकदा म्हटलं. इव्हेतबाई अजून माझा सलाम घेत नाहीत."

आणि या वेळची पाळी माझी होती. कमी वाढलं तर गाव म्हणणार, मुलगा परदेशी गेला आणि उम्म रवादचा हात आखडला.

दुसऱ्या दिवशी रोटीच्या भट्टीवर, सगळ्या बायकांसमोर मी जाहीर केलं, "मी मार एलियास संतांना नवस बोललेय. संघ टिकेपर्यंत माझ्या घरात मांस नाही, तूप नाही."

इव्हेतने भुवई उचलली. "कधी बोललीस?"

"मनात."

"आणि संतांना बास्केटबॉल कळतं वाटतं?"

"तुझ्यापेक्षा बरं कळत असेल. त्यांनी कुणाला कोकरू नाही चारलं."

बायका हसल्या. नवसाशी वाद कोण घालणार? संतांच्या नावाने धडधडीत खोटं बोलून मी घरी आले.

सामन्याच्या दुपारी मसुराचं सूप, लिंबू आणि उकडलेला बटाटा. पोरं जेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. खरं जेवण यायचंय असंच त्यांना वाटत होतं. निदाल हळूच आत आला.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

माझा जीव गलबलला. परातीत मांसाच्या किब्बे-वड्यांसाठी भिजवलेल्या गव्हावर मी घाईने फडकं टाकलं. "काही नाही चुकलं. जिंकून ये, मग किब्बे खा पोट फुटेस्तोवर."

त्या संध्याकाळी पोरं शेवटपर्यंत पळाली. आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि त्यांचा एक गडी चेंडू घेऊन एकटाच निघाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा निदाल अख्खं कोर्ट पळून मागून पोचला होता, आणि चेंडू उडून ढोलवाल्याच्या मांडीवर पडला होता. शेवटची शिट्टी वाजली. इव्हेत माझ्या गळ्यात पडून रडली. मग नाक पुसून म्हणाली, "आता नवस फेड. रविवारी अनवाणी, वर टेकडीवरच्या त्यांच्या चर्चपर्यंत. मी खालून बघतेय."

हा विचार मी केलाच नव्हता.

रविवारी टेकडीच्या खड्यांवर मी 'आई गं' करत चढले. माझे बूट हातात घेऊन निदाल शेजारी चालत होता.

"मावशी, आम्ही मुसलमान, पण माझी आजीपण याच बाबांना नवस बोलते. नाव तेवढं वेगळं घेते."

"फेडते का?"

"फेडते ना. न बोललेलेसुद्धा."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी साळसूदपणे माझ्या बुटांची धूळ झटकत होता.