नवमीचं पाणी

"हात थरथरत असला तर बोर्डाला लावू नको गं. आधी मनगट टेबलावर टेकव, श्वास सोड, मग चिमटा उचल."

निपाणीच्या गुंडू मास्तरांनी काम शिकवताना सांगितलेलं सुवर्णाच्या कानात घुमत होतं. मनगट टेकवूनही हात काही ऐकत नव्हता. समोर गल्लीतल्या विणकर मल्लाप्पांच्या लॅपटॉपचं बोर्ड उघडं पडलेलं, आणि ते बिघडलं होतं तिच्याच हातून.

खंडेनवमीला वडगावात घरोघरी माग पुजतात, तशी ती आपली हत्यारं पुजते. आज सकाळी मीटर, चिमटे, सोल्डरिंगची कांडी ओळीनं मांडली. शेजारी दुरुस्तीला आलेला मल्लाप्पांचा लॅपटॉपही ठेवला. तोही कुणाच्या तरी घरची लक्ष्मीच की. फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि देवीपुढं उजेड दिसावा म्हणून बटण दाबलं. टिक् झालं. जळका वास आला.

बोर्ड काढून, पुसून, वाळवून तिनं मीटर लावला. मोहरीएवढा एक कपॅसिटर तडकला होता, त्यातून वीज शॉर्ट होत होती. तेवढंच असतं तर ती भ्याली नसती. पण त्याला खेटूनच मेमरीची चिप. या लॅपटॉपात ती वेगळी निघत नाही, बोर्डालाच चिकटलेली असते. मल्लाप्पांनी अकरा वर्षांत काढलेली साड्यांची सगळी डिझाईन्स तिच्यात, दुसरी प्रत कुठंच नाही. गरम हवा जरा जास्त लागली की सगळं गेलं.

फोन वाजला. मल्लाप्पाच.

"आक्का, पंखा साफ करायला दिलता, का नवा विणायला? उद्या दसरा हाय. नवी डिझाईन मागावर चढवायची हाय."

"संध्याकाळपातूर देते, अण्णा."

सासू बायाक्का दारातून बघत होती. सकाळचा सगळा प्रकार तिच्या डोळ्यांदेखत घडला होता.

"नऊ दिसांचा उपास, त्यात ही बारीक कामं! शेंगदाण्याचा लाडू खा, हात ठरंल."

"दिवा लागंपातूर न्हाय, आत्या."

"मग देवीलाच धरायला सांग तुझा हात!"

बायाक्का आत गेली. सुवर्णानं डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "आई, हे चालू होऊ दे. पाण्याचं मी लपवणार न्हाय." शब्द तोंडातून गेला आणि मग तिला सुचलं. गल्लीत कळलं तर आपल्या हातात यंत्र कोण देणार?

चिपवर उष्णता अडवणारी टेप चिकटवली. गरम हवेचं तोंड आणलं. एकेका श्वासाला देवीचं एकेक नाम. अकराव्या नामाला जुना कपॅसिटर हलला, चिमट्यानं अलगद उचलून बाजूला ठेवला. जुन्या बोर्डावरून त्याच मापाचे दोन काढून ठेवले होते. पहिला चिमट्यातून उडाला तो कुठं गेला देव जाणे. आता एकच उरला. ती उठली, पदरानं तळवे पुसले, पुन्हा बसली. मनगट टेकवलं. तो जागेवर बसला.

तिनं पुन्हा मीटर लावला, तो वाजला नाही. शॉर्ट गेला होता. तिनं बोर्ड बसवलं, बॅटरी जोडली, बटण दाबलं.

काहीच नाही. पडदा काळा. मग कोपऱ्यात बारीक उजेड फुटला, पंखा फिरला, आणि हळूहळू पडद्यावर काठ, पदर, बुट्टे ओळीनं उमटले. तिला रडू आलं, पण ते आनंदाचं का भीतीचं, तिलाच कळेना.

"पेटला न्हवं?" आतून येत बायाक्का म्हणाली. "मग पाण्याचं पोटात घाल. झाकली मूठ!"

"पाणी आणिक कुठं मुरलंय ठावं न्हाय, आत्या. न सांगितलं तर अण्णा डिझाईनची कॉपी काढायचे न्हाईत. चार महिन्यांनी बंद पडला, तर?"

"गल्लीभर करतील गं. त्यांची जीभ तुला ठावं न्हाय व्हय?"

"ठावं हाय."

सुवर्णानं लॅपटॉप जुन्या सुती लुगड्यात गुंडाळला, सोबत एक रिकामी पेनड्राईव्ह घेतली. मग तिनं चपला घातल्या, आणि मागांचा खटखटाट आज थांबलेल्या त्या गल्लीतून ती मल्लाप्पांच्या दाराकडं हळूहळू चालू लागली.